सुट्टीचे तिकीट काढण्याआधी कन्सेंट टर्म्स बाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा आटोपत आल्या की वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात एका ठरावीक प्रकारच्या अर्जांची रीघ लागते. मूल आईकडे असते आणि वडिलांना त्याला दहा दिवस सिंगापूरला न्यायचे असते. किंवा आईची बदली बंगळुरूला झालेली असते आणि जूनच्या आत तिथल्या शाळेत नाव घालायचे असते. तिकिटे निघालेली असतात, हॉटेलचे पैसे भरलेले असतात. समोरच्याचे म्हणणे यायला एक तारीख जाते, युक्तिवादाला दुसरी, आणि तेवढ्यात मे उजाडून न्यायालयाला सुट्टी लागते. मग सुट्टीतल्या न्यायाधीशांपुढे तातडीचा अर्ज. ज्यांनी ती फाइल कधी पाहिलेली नाही, त्यांनी अर्ध्या तासात ठरवायचे की हे मूल परत येईल की नाही.

या धावपळीचे मूळ बहुतेक वेळा घटस्फोटाच्या वेळी सह्या केलेल्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी संमतीने ठरवून न्यायालयात दिलेल्या अटींमध्ये, सापडते. पोटगी, फ्लॅट, दागिने यांवर त्यात पानेच्या पाने असतात. मुलाबद्दल एक परिच्छेद: ताबा आईकडे, वडिलांना ‘वाजवी भेट’, आणि ‘परस्परांच्या संमतीशिवाय मुलाला परदेशी नेणार नाही’. संमती कशी मागायची, किती दिवस आधी, उत्तरच आले नाही तर काय, याबद्दल चकार शब्द नाही. सही करताना दोघेही थकलेले असतात आणि मूल तीन वर्षांचे असते. ते दहा वर्षांचे होईल, त्याची शाळेची सहल जपानला निघेल, हे त्या दिवशी कोणाच्या डोक्यात येत नाही. हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, ज्यांचा मसुदा अजून वकिलाच्या संगणकात आहे. ज्यांच्या सह्या झाल्या त्यांनाही ते उपयोगी पडावे, कारण या अटी बदलून मागता येतात.

हे शेवटचे पुष्कळांना खरे वाटत नाही. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ नुसार मुलाच्या ताब्याविषयी घटस्फोटानंतरही अर्ज करता येतो. २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात संमतीने घटस्फोट झाला होता, अटी ठरल्या होत्या, आणि नंतर आईला मुलाला घेऊन ऑस्ट्रेलियाला जायचे होते. न्यायालयाने परवानगी दिली आणि स्पष्ट केले की ताब्याचा आदेश म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. मुलाच्या गरजा बदलतात तसा तोही बदलू शकतो. विधी आयोगाने मे २०१५ मधल्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, पण आपल्या कायद्यात ‘संयुक्त ताबा’ या शब्दाची व्याख्या अजून नाही. त्यामुळे दोघांनी मिळून मूल वाढवायचे असेल, तर त्याचा सगळा भार तुम्ही कागदावर काय लिहिता यावर येतो.

सणांपासून सुरुवात करू. ‘दिवाळीची अर्धी सुट्टी वडिलांकडे’ हे वाक्य आम्ही असंख्य आदेशांत वाचले आहे आणि त्यावरून भांडणेही पाहिली आहेत. अर्धी म्हणजे पहिली की दुसरी? लक्ष्मीपूजन कोणाकडे, भाऊबीज कोणाकडे? सुट्टी शाळा सुटल्याच्या संध्याकाळी सुरू होते की दुसऱ्या दिवशी सकाळी? राज्य मंडळाच्या शाळेची दिवाळीची सुट्टी लांब असते; काही कॉन्व्हेंट आणि आंतरराष्ट्रीय शाळा ती आखडती घेऊन नाताळची वाढवतात. मुलाने मध्येच शाळा बदलली की जुने गणित कोलमडते. म्हणून असे लिहावे: ‘सम सालात शाळा सुटल्याच्या दिवशी संध्याकाळी ६ पासून पाडव्याच्या सकाळी १० पर्यंत आईकडे, त्यानंतर शाळा उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी ६ पर्यंत वडिलांकडे, विषम सालात उलट.’ सण तिथीने येतो, म्हणून तारीख घालू नये, सणाचे नाव घालावे. शनिवारचेही तसेच. ‘पहिला व तिसरा शनिवार’ लिहिले की पाचवा शनिवार कोणाचा हा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा उभा राहतो. एका ओळीत तो मिटतो.

गणपतीला गावी जाणे हा मुंबईचा खास विषय. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, आणि कोकणातल्या गाड्या त्या दिवशी काही मिनिटांत भरतात. मूल कोणाकडे असेल हे त्याआधी ठरलेले नसेल तर दोन्ही पालक तिकीट काढून ठेवतात, किंवा एकही काढत नाही आणि शेवटी मूल रात्रभर बसमध्ये अवघडून जाते. आरक्षण उघडण्याच्या पंधरा दिवस आधी, म्हणजे चतुर्थीच्या साधारण ७५ दिवस आधी, गणपतीचा निर्णय पक्का झाला पाहिजे, असे कलमच घालून घ्यावे.

आता मुलाला गावी, पुण्याला किंवा गोव्याला न्यायला न्यायालयाची परवानगी लागते का? पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम २६ नुसार न्यायालयाने नेमलेल्या पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाल्याला त्याच्या हद्दीबाहेर हलवता येत नाही. मोडल्यास कलम ४४ मध्ये दंड किंवा दिवाणी कैद आहे. पण घटस्फोटाच्या दाव्यात आईला किंवा वडिलांना मिळालेला ताबा हा वेगळा प्रकार. तिथे आदेशात मनाई लिहिली असेल तरच मनाई. काही वकील सरसकट ‘मुंबईबाहेर नेणार नाही’ असे घालून देतात. हा शब्दप्रयोग टाळावा. मुलुंडला चेकनाक्याच्या अलीकडे राहणाऱ्याने रस्ता ओलांडला की तो ठाण्यात, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात आणि दुसऱ्या कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीत. दहिसरपलीकडे मीरा रोडला आजीकडे गेलेल्या मुलाबाबत अवमानाची नोटीस काढण्याइतपत भांडखोर माणसेही असतात. देशांतर्गत प्रवासासाठी एवढे पुरते: दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम असेल तर सात दिवस आधी ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता, जाण्यायेण्याच्या तारखा आणि सोबत कोण आहे हे कळवायचे. संमतीची गरज ठेवू नये, कळवणे पुरे.

भेटीच्या वेळा लिहिणाऱ्यांनी लोकलने प्रवास केलेला असावा अशी आमची फार इच्छा आहे. ‘रविवार, सकाळी ११ ते ५’ ही वेळ कागदावर शोभते, पण रविवारी नेमका त्याच वेळात कुठल्या ना कुठल्या मार्गावर मेगाब्लॉक असतो. कल्याणहून दादरला मूल आणायचे म्हणजे कधी एक तास, कधी दोन. शनिवारी सकाळी द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात अडकलेली पुण्याची शिवनेरी आणि जुलैतला रेड अलर्ट हे याच पंगतीतले. उशिरासाठी मुंबईत ३० मिनिटे आणि पुणे-नाशिकसाठी ६० मिनिटे सवलत, त्यापुढे उशीर झाल्यास संदेश, आणि पावसामुळे भेट बुडाली तर ती पुढच्या शनिवारी, असे लिहिले की निम्मा राग निघून जातो. मूल सोपवण्याची जागा म्हणून पोलीस ठाणे कधीही निवडू नये. शाळेचे फाटक सर्वात चांगले: एक पालक सकाळी सोडतो, दुसरा दुपारी घेतो, दोघांची गाठ पडत नाही.

मूल एकटे विमानाने पाठवायचे असेल तर देशांतर्गत विमानांत साधारण ५ ते १२ वर्षांच्या मुलांना कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली पाठवण्याची सोय आहे. त्यासाठी जादा शुल्क आणि वेगळा फॉर्म असतो, आणि त्यात घ्यायला येणाऱ्याचे नाव व ओळखपत्र आधी द्यावे लागते. गडबड इथेच होते. वडिलांना मीटिंग निघते, ते काकांना पाठवतात, आणि फॉर्ममध्ये काकांचे नाव नसल्याने मूल सोडत नाहीत. थेट विमानच घ्यावे, आणि दिवसाचे शेवटचे घेऊ नये; ते रद्द झाले तर रात्र विमानतळावर जाते.

परदेशी जायचे तर पहिला अडसर पासपोर्ट. लहान मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा, यातले जे आधी येईल तेवढा असतो. आई-वडिलांचा १० वर्षांचा असतो, त्यामुळे मुलाचा मध्येच संपलेला कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय परतीच्या तारखेनंतरही काही महिने, अनेक देशांत ६, तो वैध असावा लागतो. म्हणजे ५ वर्षांचा पासपोर्ट व्यवहारात साडेचार वर्षांचाच.

मुलाच्या अर्जासोबत साधारणपणे परिशिष्ट ‘ड’ लागते, त्यावर दोन्ही पालकांच्या सह्या. दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसेल तर परिशिष्ट ‘क’ आहे, इंग्रजी फॉर्मवर ते ‘सी’ म्हणून दिसेल; त्यात एकच पालक कारणासह जाहीर करतो की दुसऱ्याची संमती का नाही. डिसेंबर २०१६ पासून ही परिशिष्टे साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने चालतात. नोटरी लागत नाही, आणि दोन्ही पालकांची नावे घालण्याचीही सक्ती राहिलेली नाही. तरी अर्ज अडकतात, आणि त्याची कारणे नेहमीचीच. परिशिष्ट ‘ड’ वर एकच सही करून दुसरी जागा मोकळी सोडलेली असते. किंवा दावा न्यायालयात चालू असताना तो नसल्यासारखे लिहिलेले असते. ही लपवाछपवी महागात पडते, कारण खोटी माहिती देणे हा पासपोर्ट अधिनियम, १९६७ च्या कलम १२ खाली गुन्हा आहे. किंवा ताब्याच्या आदेशाची साधी झेरॉक्स जोडलेली असते. प्रमाणित प्रत जोडावी. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटोही सोबत न्यावा लागतो. मांडीवर बसवून काढलेला, मागे आईचा हात दिसणारा फोटो परत येतो.

दुसरा पालक हटूनच बसला तर? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका १७ वर्षांच्या विद्यार्थिनीला पासपोर्ट देण्याचे आदेश दिले. तिची निवड जपानच्या अभ्यासदौऱ्यासाठी झाली होती, वडिलांनी सही दिली नव्हती, आईने परिशिष्ट ‘क’ भरून दिले होते. परदेश प्रवासाचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो आणि पालकांच्या वादात तो अडकवता येणार नाही, हा त्यातला मुद्दा. निकाल चांगला आहे, पण तिथवर जायला वेळ आणि पैसा लागतो. ‘पासपोर्टचे नूतनीकरण ताबा असलेला पालक एकट्याच्या सहीने करू शकेल, दुसऱ्याची याला आताच संमती आहे’ ही एक ओळ कन्सेंट टर्म्समध्ये असेल तर काम सोपे होते.

अनेक दाव्यांत मुलाचा पासपोर्ट न्यायालयात जमा असतो. तो बाहेर काढताना एक चूक वारंवार होते. आदेशात लिहिले जाते: ‘५ मे ते २० मे या काळासाठी पासपोर्ट देण्यात यावा.’ पण व्हिसासाठी पासपोर्ट त्याच्या कितीतरी आधी लागतो! युरोपातल्या शेंगेन गटातल्या देशांच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो, जास्तीत जास्त सहा महिने आधी देता येतो, आणि पासपोर्ट तेवढे दिवस त्यांच्याकडे राहतो. म्हणून अर्जात दोन टप्पे मागावेत: व्हिसासाठी अमुक तारखेपासून, प्रवासासाठी अमुक काळ, आणि परत आल्यावर सात दिवसांत पुन्हा जमा. हे सगळे मेच्या सुट्टीसाठी असेल तर अर्ज जानेवारीत पडला पाहिजे. फेब्रुवारीत समोरच्याचे म्हणणे, मार्चमध्ये आदेश आणि प्रमाणित प्रत, एप्रिलमध्ये व्हिसा. एप्रिलमध्ये अर्ज करणाऱ्याला न्यायाधीशांनी नाही म्हटले तर दोष त्यांचा नाही.

अर्जासोबत काय जोडावे? जाण्यायेण्याचा मार्ग, राहण्याचा पत्ता, तिथला फोन, प्रवास विमा, परत येण्याचे हमीपत्र, आणि तिकीट म्हणून शक्यतो बदलता येणारे आरक्षण. आधीच काढलेले, परत न मिळणारे तिकीट दाखवून दबाव आणायचा मोह टाळावा. त्याने अर्जदाराची घाई तेवढी दिसते. न्यायालय काही वेळा सुरक्षा ठेव मागते. मूल परत न आणल्यास ती रक्कम दुसऱ्या पालकाला दाव्याच्या खर्चासाठी मिळेल, हेही लिहून घ्यावे. नुसती ठेव म्हणजे सरकारजमा होणारा दंड, त्याचा त्या पालकाला उपयोग नसतो.

दुसऱ्या पालकाचे संमतीपत्र हा सोपा कागद आहे, तरी तो नीट लिहिलेला क्वचितच दिसतो. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, सोबत जाणाऱ्याचे नाव व पासपोर्ट क्रमांक, देश, तारखा, आणि आजारपणात उपचाराला संमती देण्याचा अधिकार एवढे असावे. नोटरीसमोर सही करावी, सही करणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जोडावी. ‘केव्हाही, कुठेही नेण्यास हरकत नाही’ असे खुले पत्र देऊ नये आणि घेऊही नये. वकिलातीला ते संशयास्पद वाटते. मुंबई विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी हे पत्र प्रत्येक वेळी मागेल असे नाही, पण तिकडे उतरल्यावर मागितले जाऊ शकते. आईने माहेरचे आडनाव पुन्हा लावले असेल आणि मुलाचे वडिलांचे असेल, तर महापालिकेचा जन्मदाखला, ज्यात दोघांची नावे आहेत, हातातल्या बॅगेत ठेवावा. सुटकेसमध्ये टाकून चालत नाही.

आता उलट बाजू: मूल परत येणार नाही अशी खरी भीती असेल तर. इथे आपला कायदा दुबळा आहे हे मान्य केलेले बरे. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारावर भारताची सही नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये २१८ व्या आणि २०१६ मध्ये २६३ व्या अहवालात हा विषय हाताळला, पुढे काही हलले नाही. म्हणून लंडनला गेलेले मूल परत आणण्याचा कराराचा रस्ता आपल्याला बंद, आणि तिकडून इथे आणलेल्या मुलाबाबत आपली न्यायालये मुलाचे हित प्रत्येक प्रकरणात नव्याने तपासतात. परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा असतो, त्याने प्रश्न मिटत नाही. पोलीसही फारसे उपयोगी पडत नाहीत. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले, की न्यायालयाची मनाई नसेल तर वडिलांनी मुलाला आईकडून नेणे हे अपहरण ठरत नाही, कारण तेही नैसर्गिक पालक आहेत. ठाण्यात गेलेल्या पालकाला ‘कोर्टातून ऑर्डर आणा’ हेच उत्तर मिळते, आणि ते चूक नसते.

तेव्हा आदेश आधी हवा. मुलाला देशाबाहेर नेण्यास स्पष्ट मनाई, पासपोर्ट जमा करण्याचा निर्देश, आणि गरज असेल तर इमिग्रेशन विभागाकडे लुकआउट सर्क्युलरसाठी, म्हणजे विमानतळावर रोखण्याच्या सूचनेसाठी, कळवण्याचा निर्देश, या तिन्ही गोष्टी एकाच अर्जात मागाव्यात. आदेशात मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक नसेल तर विमानतळावरच्या संगणकाला तो आदेश कळत नाही. मूल अमेरिकेत जन्मलेले आणि अमेरिकी पासपोर्टवर असेल तर जुना पासपोर्ट जमा करून भागत नाही, कारण तो हरवल्याचे सांगून नवा मागता येतो. १६ वर्षांखालच्या मुलाच्या अमेरिकी पासपोर्टला मात्र दोन्ही पालकांची संमती लागते, आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे मुलाचे नाव आधी नोंदवून ठेवले तर असा अर्ज आल्यावर नोंद करणाऱ्या पालकाला कळवले जाते. ही नोंद मोफत आहे आणि इथल्या फार थोड्या पालकांना ठाऊक आहे.

सहलीपेक्षा स्थलांतर कठीण. लोकलच्या टप्प्यातच, दादरहून बदलापूरला जाणे हेही भेटीच्या दृष्टीने स्थलांतरच. बुधवारची संध्याकाळची भेट तिथे संपते. आमची सूचना अशी, की राहते घर २५ किलोमीटरपेक्षा लांब हलवायचे असेल किंवा शाळा बदलायची असेल तर ९० दिवस आधी लेखी कळवावे, सोबत भेटीचे नवे वेळापत्रक द्यावे, दुसऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यावे, आणि पटले नाही तर पुढच्या ६० दिवसांत समुपदेशकापुढे किंवा न्यायालयात जावे. तोवर दाखला काढू नये.

न्यायालयात गेल्यावर नुसते बदलीचे किंवा नोकरीचे पत्र पुरत नाही. भाड्याच्या घराचा पत्ता, शाळेत जागा मिळाल्याचे पत्र आणि फी, शाळा सुटल्यापासून पालक घरी येईपर्यंत मुलाकडे कोण बघणार, वैद्यकीय विमा कोणाच्या नावे, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या पालकाच्या भेटीची योजना: वर्षात किती फेऱ्या, कोणत्या सुट्टीत, भाडे कोण भरणार. अर्जातला हा भाग जितका भरीव, तितका जाण्याचा हेतू स्वच्छ दिसतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्या एका आईला नोकरीसाठी ९ वर्षांच्या मुलीला घेऊन पोलंडला जायची परवानगी दिली; कौटुंबिक न्यायालयाने ती नाकारली होती. आईचे करिअर आणि मुलीचे वडिलांशी असलेले नाते या दोन्हींचा तोल त्यात साधलेला आहे. विरोध करणाऱ्या पालकानेही ‘हरकत आहे’ एवढ्यावर थांबू नये. मूल इथे राहिले तर त्याला शाळेत कोण सोडेल, परीक्षेत अभ्यास कोण घेईल, हे लिहिले नाही तर तो विरोध न्यायाधीशांना जोडीदारावरचा राग वाटतो, आणि बऱ्याचदा तो असतोही. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून विचारतात. त्याला पढवून पाठवू नये. पढवलेले वाक्य ओळखू येते.

वेळही बघावी. सीबीएसईत नववीत नोंदणी होते आणि दहावीत शाळा बदलायला मंडळाची परवानगी लागते. म्हणून आठवी संपताना हलावे, नाहीतर दहावीनंतर. शिक्षण हक्काच्या २५ टक्के राखीव जागेवर शिकणाऱ्या मुलाची ती जागा दुसऱ्या शहरात सोबत येत नाही. नव्या शाळेच्या फीचा हा खर्च स्थलांतराच्या हिशेबात धरलेला आम्ही क्वचित पाहिला आहे.

परदेशी स्थलांतराला परवानगी मिळालीच, तर तिथल्या न्यायालयाकडून इथल्या आदेशासारखाच आदेश, ज्याला वकील मिरर ऑर्डर म्हणतात, मूल विमानात बसण्यापूर्वी मिळवावा. एकदा मूल तिथे वर्षभर राहिले की तेच त्याचे नेहमीचे घर ठरते आणि वादाची जागाही तीच होते.

व्हिडिओ कॉलचे कलम तर डोळे मिटून लिहिले जाते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेटीबरोबरच संपर्काचा हक्कही महत्त्वाचा मानला, तेव्हापासून प्रत्येक मसुद्यात ‘रोज संध्याकाळी ७.३० वाजता’ आले. भारतात ७.३० वाजतात तेव्हा सिंगापूरला रात्रीचे १० वाजलेले असतात, मूल झोपलेले असते. लंडनला दुपारचे ३ किंवा २, म्हणजे मूल वर्गात. न्यूयॉर्कला सकाळचे १० किंवा ९, तिथेही वर्गातच. ‘किंवा’ यासाठी, की युरोप-अमेरिकेत घड्याळे वर्षातून दोनदा बदलतात, आपली नाहीत. त्यामुळे वेळ मुलाच्या शहराची लिहावी आणि मोठ्या माणसाने आपले घड्याळ त्याप्रमाणे लावावे. लंडनच्या मुलासाठी तिथले संध्याकाळचे ५ ही चांगली वेळ. इथे तेव्हा ९.३० किंवा १०.३० होतात, जागायचे आहे ते मोठ्याने. रोज अर्धा तास ठरवला तर आठवी-नववीची मुले दोन महिन्यांत कंटाळतात. आठवड्यातून तीन ठरलेले कॉल आणि मुलाला वाटेल तेव्हा करायची मोकळीक, हे टिकते.

शाळांकडे एक मागणे आहे. पालक विभक्त असतील तर ताब्याच्या आदेशाची प्रत दप्तरी ठेवावी, दोघांचेही मोबाइल क्रमांक नोंदवावेत आणि सुट्ट्यांची यादी दोघांनाही पाठवावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बदली मागणाऱ्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकांनी अडवून ठेवायचा नसतो, हे खरे. पण दाखला मागायला एकच पालक आला, तर दुसऱ्याच्या नोंदवलेल्या क्रमांकावर एक फोन करायला त्या कलमाची आडकाठी नाही. तो फोन रजिस्टरवर सही घेण्याच्या आधी करावा.

आपले,
कौटुंबिक न्यायालयात काम करणारे काही वकील आणि समुपदेशक
वांद्रे (पूर्व), मुंबई